मोटारीचे सुटे भाग : पारख आणि जोडणी

मोटार विकत घ्यावयाची असली म्हणजे मनुष्य चार ठिकाणी चौकशी करतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मते विचारतो, रंगावरून घरात दोन दिवस वाद घालतो. तीच मोटार सहा वर्षांनी गॅरेजमध्ये उभी राहिली आणि मिस्त्रीने एखादा झिजलेला भाग हातात घेऊन "हा बदलावा लागेल" असे सांगितले, की तोच मनुष्य घड्याळाकडे पाहात म्हणतो, "काय लागेल ते टाका, पण संध्याकाळपर्यंत गाडी द्या." कोणता भाग टाकला, तो कोणी बनविलेला होता, कसा बसविला, याची विचारपूस तो करीत नाही. मीही करीत नव्हते. भाषा शिकविणाऱ्या शिक्षिकेने यंत्रांच्या भानगडीत कशाला पडावे, अशी माझी सोयीची समजूत होती. ती बरेठा घाटात सुटली.

भोपाळची मराठी कुटुंबे नागपूरला जाण्यायेण्यासाठी जो रस्ता धरतात तो ओबेदुल्लागंजवरून विंध्याद्री उतरून नर्मदा ओलांडतो आणि इटारसी मागे पडल्यावर सातपुड्यात शिरतो. बैतूलच्या पठारावर पोहोचण्यापूर्वी लागणारा घाट तो बरेठा. जाताना तेथे चढ असतो, म्हणून परीक्षा इंजिनाची होते. येताना उतार असतो, आणि परीक्षा ब्रेकची होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नागपूरहून परतत होतो. गाडीत यजमान, दोन्ही मुले आणि सासूबाई होत्या, आणि गाडी मी चालवीत होते. निघण्याच्या आठच दिवस आधी पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड नवे घातले होते, त्यामुळे मन निर्धास्त होते. उतारावर पुढे मालट्रकांची रांग असल्याने पुनःपुन्हा ब्रेक दाबावा लागत होता. काहीतरी जळल्यासारखा वास येऊ लागला. तो समोरच्या ट्रकचा असावा असे मी धरून चालले. त्यानंतर एका वळणावर पेडल दाबले, तर ते नेहमीसारखे घट्ट न लागता लोण्यात पाय रुतावा तसे खाली गेले. दुसऱ्यांदा दाबले, आणखी खाली गेले. तिसऱ्या वेळी ते जवळजवळ तळाला टेकले.

मी गाडी एकेक करून खालच्या गियरमध्ये आणली, हातब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूस, मातीच्या पट्टीवर ती कशीबशी थांबविली. सासूबाई अर्धवट झोपेत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "का गं थांबलीस?" त्यांना काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. तासाभराने पेडल दाबून पाहिले, तो ते पुन्हा पहिल्यासारखे घट्ट! जणू काही घडलेच नव्हते. आम्ही अतिशय सावकाश भोपाळला पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी मी तडक ज्या दुकानातून पॅड आणले होते तेथे गेले आणि डुप्लिकेट माल विकल्याबद्दल दुकानदारास चार लोकांसमक्ष बोलले. त्याने शांतपणे पावती पाहिली, खोक्यावरील क्रमांक ताडून पाहिला आणि तो म्हणाला, "मॅडम, आधी कोणाकडूनही चाक उघडवून बघा, मग मला बोला." मी गोविंदपुऱ्यातील एका वयस्क मिस्त्रीकडे गेले. गोविंदपुरा म्हणजे 'भेल'च्या आश्रयाने वाढलेला कारखान्यांचा भाग; तेथील कारागिरांना मापाची सवय असते. उस्तादांनी चाक उतरविले, पॅड काढून उजेडात धरले, आणि दहा मिनिटांत निकाल दिला : "पुर्जा असली है। काम अधूरा है।"

अधुरे काय राहिले होते ते समजण्यासाठी ब्रेकची रचना थोडी पाहिली पाहिजे. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरत असते. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा जो भाग, त्याला कॅलिपर म्हणतात, आणि चिमट्याच्या दोन टोकांना जे घर्षणाचे ठोकळे असतात ते ब्रेक पॅड. आपण पेडल दाबतो तेव्हा नळीतील द्रव, ज्याला गॅरेजमध्ये 'ब्रेक ऑइल' म्हणतात, तो दाब कॅलिपरपर्यंत नेतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो हा पास्कलचा नियम तुम्ही विज्ञानाच्या तासाला पाठ केलेला आहे. तुमचे पाठांतर घाटात आपला जीव वाचवीत असते. हा कॅलिपर दोन पिनांवर अलगद मागेपुढे सरकावा लागतो. सरकला तरच पेडल सोडल्यावर पॅड चकतीपासून सुटतात. आमच्या गाडीच्या डाव्या चाकाची एक पिन गंजून घट्ट बसली होती. पॅड बदलणाऱ्याने जुने पॅड काढले, नवे ठोकून बसविले. पिन काढून स्वच्छ करणे, तिला उष्णता सोसणारे ग्रीज लावणे, फाटलेले रबरी टोपण बदलणे, यांपैकी काहीच केले नाही. परिणामी पेडल सोडले तरी एक पॅड चकतीवर घासतच राहिला. नागपूरपासून घाटापर्यंत तो तापतच आला होता.

दुसरी गोष्ट द्रवाची. ब्रेकचा द्रव हवेतील ओल शोषून घेतो. कोरा असताना 'डॉट ३' जातीचा द्रव २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. 'डॉट ४' जातीसाठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. म्हणून हा द्रव साधारण दोन वर्षांनी बदलावा असे सांगतात. आमच्या गाडीत तो गाडी घेतल्यापासूनचाच होता, आणि चहाच्या रंगाचा झाला होता. तापलेल्या कॅलिपरमध्ये तो उकळला, त्याची वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे माझ्या पायाचा सारा जोर वाफेचे बुडबुडे दाबण्यात खर्च झाला. तासाभराने वाफ निवून पुन्हा द्रव झाली आणि पेडल घट्ट लागले.

उतारावर ही उष्णता येते किती? गणिताची आवड असलेल्यांनी करून पाहावे. माणसांसह १,००० किलोग्रॅम वजनाची गाडी २०० मीटर उंचीवरून खाली आली, तर वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार सुमारे १९ लाख ६० हजार ज्यूल होतो. एवढी ऊर्जा खोलीतल्या तापमानाचे सहा लिटर पाणी उकळीला आणील. त्यातील काही भाग वारा घेतो, खालचा गियर टाकला असल्यास काही भाग इंजिन घेते. बाकीचा सारा चार चाकांच्या ब्रेकना सोसावा लागतो. श्यामला हिल्सवरून तलावाकडे उतरताना हे कळत नाही, कारण उतार लवकर संपतो. लांब घाटात कळते.

त्या दुकानदाराकडे जाऊन मी क्षमा मागितली. त्याने ती मोठ्या मनाने दिली, आणि चहाही पाजला. त्यानंतर मात्र या विषयाचा मी शक्य तेवढा पाठपुरावा केला. आमच्या बाबतीत भाग खरा होता आणि जोडणी अपुरी होती. परंतु याच्या उलट, नेटकी जोडणी करून खोटा भाग बसविल्याची उदाहरणेही त्या उस्तादांच्या फळीवर हारीने मांडलेली मला पाहावयास मिळाली.

आज आपण दुकानात जाऊन अमुक गाडीचा अमुक भाग द्या म्हणतो आणि तो बसेलच असे गृहीत धरतो. सव्वाशे वर्षांपूर्वी हे गृहीत धरण्याची सोय नव्हती. त्या काळी मोटारीचा प्रत्येक भाग कारागीर कानशीने घासून त्याच्या शेजारच्या भागाशी जुळवीत असे. एका गाडीचा भाग त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीला बसेल याची हमी नसे. १९०८ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे या बाबतीत एक प्रसिद्ध परीक्षा झाली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली अमेरिकेत बनलेल्या कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्या पूर्णपणे सुट्या करण्यात आल्या, तिन्हींचे भाग एकत्र मिसळण्यात आले, त्यांतील ८९ भाग बाजूस काढून त्यांच्या जागी दुकानाच्या साठ्यातील कोरे भाग देण्यात आले, आणि मग त्या ढिगातून केवळ साध्या हत्यारांनी पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. कानस वापरण्यास मनाई होती. त्या तिन्ही गाड्या मग ५०० मैल धावल्या. या पराक्रमाबद्दल कंपनीस ड्यूअर करंडक मिळाला. आपण ज्याला 'सुटा भाग' म्हणतो त्याची खरी प्रतिष्ठा त्या दिवशी सिद्ध झाली असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे मात्र कानशीचे राज्य पुढेही पुष्कळ वर्षे टिकले. उत्तरपाडा येथे १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत आलेली अँबॅसडर आठवा. १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाल्यानंतर कित्येक वर्षे सरकारी कचेऱ्यांपुढे याच गाड्यांच्या रांगा असत. त्या गाडीस थोडा कमीअधिक मापाचा भागही चाले; उरलेली तूट मिस्त्री कानस, वायसर आणि हातोडी यांनी भरून काढी. त्या पिढीच्या मिस्त्रींचे कौशल्य थोर होते, यात संशय नाही. पण त्यातून "बसतो ना, मग झाले" ही जी वृत्ती रुजली ती आजच्या गाड्यांना मानवत नाही. आजच्या इंजिनातील टायमिंग बेल्टचा एक दाता जरी चुकला तरी झडपा आणि दट्ट्या यांचा मेळ बिघडतो, आणि पुष्कळशा इंजिनांत पट्टा तुटल्यास दट्ट्या झडपांवर आदळून त्या वाकवितो. तेथे कानशीचे काही चालत नाही.

आता बाजारातील मालाविषयी. पुष्कळांची समजूत अशी असते, की मोटार कंपनी आपल्या गाडीचे सगळे भाग स्वतः बनविते. वस्तुतः ती त्यांपैकी बरेचसे भाग दुसऱ्या कारखान्यांकडून घेते. १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेली 'मायको', जिचे नाव २००८ पासून 'बॉश' झाले, ती स्पार्क प्लग आणि डिझेल इंजिनाचे इंधन पंप यांसाठी घरोघर माहीत होती. नीलकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये पुण्यास स्थापिलेली 'भारत फोर्ज' तापविलेले लोखंड घडवून क्रँकशाफ्ट व आस तयार करते. मद्रासची 'लुकास टीव्हीएस' स्टार्टर आणि आल्टरनेटर बनविते. यामुळे असे घडते, की एकाच कारखान्यातून निघालेली वस्तू दोन वेगवेगळ्या खोक्यांतून बाजारात येऊ शकते : एकावर मोटार कंपनीचे नाव, दुसऱ्यावर कारखान्याचे स्वतःचे, आणि दुसरे खोके पुष्कळदा स्वस्त असते. हे ज्याला ठाऊक आहे तो पैसेही वाचवितो आणि मालही चांगला घेतो.

दुकानात ऐकू येणारे शब्द तीन : 'ओरिजिनल', 'लोकल' आणि 'डुप्लिकेट'. पैकी शेवटच्या दोहोंत लोक नेहमी गल्लत करतात. लोकल माल म्हणजे एखाद्या छोट्या कारखान्याने स्वतःच्या नावाने काढलेला. तो चांगला असेल किंवा सुमार असेल, पण आपले नाव तो लपवीत नाही. डुप्लिकेट माल दुसऱ्याच्या नावाचा वेष घेऊन येतो. पहिला गरीब असू शकतो, दुसरा लबाड असतो. खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये सहा महिने ते तीन वर्षे कैदेचा गुन्हा आहे. तरीही तो विकला जातो, कारण गिऱ्हाइकास स्वस्त हवे असते आणि पावती नको असते.

डुप्लिकेट ओळखण्याच्या कामी मला माझ्या विषयाचा अनपेक्षित उपयोग झाला. उस्तादांच्या फळीवरील एका ऑइल फिल्टरच्या खोक्यावर 'जेन्युइन' या इंग्रजी शब्दात एक अक्षर गाळलेले होते. दुसऱ्या एका खोक्यावर कंपनीच्या नावातील एक अक्षर इतक्या खुबीने बदललेले होते, की घाईने वाचणारास ते मूळ नावच वाटावे. उस्ताद म्हणाले, ही खोकी वर्षभर येथे पडून आहेत, पण हे कोणाच्याच लक्षात आले नाही. शुद्धलेखनाच्या गुणांसाठी माझ्याशी हुज्जत घालणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे! याखेरीज छपाईचा फिकटपणा, शिक्क्यावरील अक्षरांची वाकडी ओळ, धातूच्या कडेवर राहिलेला खरखरीतपणा, जुळ्या भागांच्या वजनातील फरक, याही खुणा आहेत. किरकोळ विक्रीच्या बंद वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. यांपैकी काही नसेल तर वेष्टन न फोडता परत द्यावे. कित्येक कंपन्या आता खोक्यावर मोबाइलने तपासता येईल अशी चौकोनी खूण छापतात. ती नुसती पाहू नये, तपासून पाहावी, कारण चित्राची नक्कल करणे कठीण नाही.

परंतु खऱ्या मालाचाही चुकीचा क्रमांक आपल्या पदरात पडू शकतो. गाडीचे नाव सांगून भाग मागणे पुरेसे नसते, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षावर्षाला बदल होत असतात. यासाठी गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला १७ अक्षरांकांचा चॅसिस क्रमांक असतो. तो नोंदणीच्या पुस्तकातही दिलेला असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच येत नाहीत, कारण ती एक व शून्य या अंकांशी घोटाळा करतात. क्रमांकाच्या आरंभीची अक्षरे देश व कारखाना सांगतात. मारुती सुझुकीच्या गाड्यांचा क्रमांक 'एमए३' असा सुरू होतो. हा क्रमांक दुकानदारास दिला, की नेमका भाग कोणता ते त्याला यादीत पाहता येते. स्पार्क प्लगचेच उदाहरण घ्या. दोन प्लग दिसावयास सारखे असतात, त्यांचे आटेही एकमेकांत बसतात. परंतु एकाचा आट्याचा भाग थोडा लांब असला तर तो दट्ट्यावर आपटू शकतो. दिसण्यातले सारखेपण फार फसवे असते. कोकणी घरात वाढून मराठी शिकविताना सारख्या दिसणाऱ्या शब्दांनी मलाही पुष्कळदा फसविले आहे.

सगळेच भाग महाग घेतले पाहिजेत काय? माझे मत तसे नाही, आणि मध्यमवर्गीय संसाराला ते परवडणारेही नाही. दाराची मूठ, बाजूचा आरसा, चाकावरील शोभेचे झाकण, गाद्यांची खोळ, हे लोकल घ्या, भंगाराच्या दुकानातून धुंडाळून आणा, कोणाचे काही बिघडत नाही. पावसाळ्यापूर्वी वायपरची रबरे मात्र चांगली घ्यावी, कारण भोपाळच्या उन्हाने ती मे महिन्यातच कडक होऊन जातात. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, चाकाची बेअरिंगे, टायर आणि टायमिंग बेल्ट यांत मात्र काटकसर करू नये. हे भाग भंगारातून तर मुळीच घेऊ नयेत. ते किती झिजले आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. टायरवर आय. एस. आय. ची खूण असणे २००९ च्या आदेशापासून आवश्यक आहे, आणि टायरच्या बाजूस चार अंकी जन्मतारीखही असते. ३५१९ असे लिहिले असेल तर तो २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनला. दुकानात वर्षानुवर्षे पडून असलेला टायर 'नवा' म्हणून गळ्यात बांधू देऊ नये.

आता राहिली जोडणी. आणि हाच भाग सर्वांत उपेक्षित आहे. भाग विकत घेताना आपण निदान किंमत तरी विचारतो, पण तो बसविणाऱ्याच्या हाताकडे पाहात नाही. वास्तविक चांगल्या मिस्त्रीचे काम ओळखणे कठीण नाही. तो नवा भाग हातात घेण्यापूर्वी जुना भाग पाहतो आणि तो का झिजला हे शोधतो. ब्रेकचे पॅड एका बाजूचेच झिजले असतील तर दोष पॅडचा नसून कॅलिपरचा आहे, हे त्याला कळते. आमच्या गाडीचा जुना डावा पॅड उजव्यापेक्षा अर्ध्याने पातळ झाला होता. तो कोणी पाहिला असता तर बरेठ्याचा प्रसंग ओढवलाच नसता. म्हणून काढलेले जुने भाग मागून घ्यावे. ते घरी आणून करावयाचे काय, असे यजमान विचारतील. पाहावयाचे, एवढेच उत्तर आहे. शिवाय नवा भाग खरोखर बसविला याची ती साक्ष असते.

स्वच्छता ही दुसरी खूण. भोपाळच्या उन्हाळ्यात धूळ सर्वत्र असते. उघड्या रस्त्यावर, वाऱ्यात बेअरिंग बसविणारा मिस्त्री त्या बेअरिंगचे आयुष्य त्याच क्षणी कमी करीत असतो. तिसरी खूण नट-बोल्टांची. "जेवढे घट्ट तेवढे चांगले" ही समजूत साफ चुकीची आहे. प्रत्येक बोल्टाला किती पीळ द्यावा याचे माप कंपनीने दिलेले असते. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोग्रॅमचे वजन टांगले असता जेवढा पीळ बसतो तो सुमारे १०० न्यूटन-मीटर. पुष्कळशा मोटारींच्या चाकाच्या नटांचे माप या आकड्याच्या आसपास, लहान गाड्यांचे याहून कमी असते. कमी आवळले तर नट सुटतात, जास्त आवळले तर आटे ताणतात, चकती वाकडी होते, आणि रात्री रस्त्यावर चाक बदलण्याची वेळ आली म्हणजे ते नट कोणाच्या बापाला सुटत नाहीत. चाकाचे नट एका ओळीने न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने आवळावे लागतात, म्हणजे चाक सर्व बाजूंनी सारखे बसते. यासाठी पिळाचे माप दाखविणारा टॉर्क पाना असतो. तो गॅरेजमध्ये आहे काय, एवढे विचारले तरी त्या गॅरेजची इयत्ता कळते.

ऑइल फिल्टरसारखी साधी गोष्टही चुकीची बसविता येते. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी कडी कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर लावला की दोन कड्या एकावर एक येतात आणि चालत्या गाडीतून तेल वाहून जाते. नव्या कडीला बोटाने तेल लावून, ती टेकल्यानंतर फिल्टर हातानेच पाऊण फेरा फिरवावा, असे बहुतेक फिल्टरवर छापलेलेच असते. वाचतो कोण? ब्रेकची नळी उघडली असेल तर आत शिरलेली हवा काढावीच लागते. पॅड घालावयाचे ते एका आसाच्या दोन्ही चाकांना एकाच वेळी, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. नवे पॅड घातल्यावर ते चकतीशी घासून एकजीव होईपर्यंत काही दिवस जोराचा ब्रेक टाळावा. आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी असे काम मुळीच करू नये.

काढलेला भाग 'उद्या बसवू' म्हणून राहून जाणे, ही या सर्वांतील सर्वांत वाईट सवय. आपल्या नगरात तिच्याविषयी लिहिताना हात जड होतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. निसटलेला वायू जाळून टाकण्यासाठी तेथे एक उंच मनोरा होता. पण त्या रात्री तो निरुपयोगी होता, कारण त्याच्याकडे जाणाऱ्या नळाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्याजागी दुसरा बसविलेला नव्हता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणाही बंद होती. नळ जागेवर असता तरी एवढ्या प्रचंड वायूस तो मनोरा पुरा पडला नसता, असे जाणकार म्हणतात, आणि त्या अनर्थाची कारणे अनेक होती. मोटारीच्या पिनेची आणि त्या रात्रीची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या नळाच्या रिकाम्या जागेचा विचार माझ्या मनातून जात नाही.

पावतीविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. भाग व मजुरी यांची वेगवेगळी नोंद असलेली, भागाचा क्रमांक लिहिलेली पावती घेतली पाहिजे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे आणि त्याअन्वये सदोष माल व सदोष सेवा या दोहोंबद्दल जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मात्र हातात कागद नसेल तर तेथे काय दाखविणार? आमच्या घरी आता एक वही आहे. कोणता भाग केव्हा, किती किलोमीटरवर, कोणी बसविला हे तीत लिहितो. ब्रेकच्या द्रवाची तारीख तांबड्या शाईने लिहिली आहे. ही वही ठेवण्याचे काम माझ्या धाकट्या मुलीने आपणहून मागून घेतले. घाटात ती मागच्या सीटवर जागी होती.

उस्तादांनी गंजलेली पिन बदलली, चारही चाकांच्या पिना काढून साफ केल्या, सारा द्रव नवा भरला आणि काढलेले सामान कागदात गुंडाळून माझ्या हाती दिले. ती पिन आणि ते दोन असमान झिजलेले जुने पॅड आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, दाराजवळच्या कपाटात वरच्या खणात ठेवले आहेत. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी मधल्या सुट्टीत यावे. पिन हातात घेण्यास हरकत नाही, फक्त गंजाचे हात गणवेशाला पुसू नयेत.